राहत्या माणसाची वजावट

लाल ठिपका आधी कपाटावर पडला, तिथून भिंतीवर सरकला आणि माझ्या गळ्यावर येऊन थांबला. मी पांघरुणात होते. अंगात ताप होता म्हणून कामावर गेले नव्हते, आणि आज घरात माप घ्यायला कुणी येणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या घरात मला काही सांगायची पद्धत नाही. दारात एक माणूस उभा होता, हातात अंतर मोजायचं यंत्र धरून. "माफ करा हं," तो म्हणाला, पण हात काही हलवला नाही. यंत्र वाजलं, त्याने आकडा वाचला (माझ्यामुळे खोली थोडी आखूडच भरली असणार) आणि कानाशी धरलेल्या फोनमध्ये म्हणाला, "मागची खोली. हो, आत बाई आहे. राहतीच आहे. वजा करा." मी उठून बसले. विचारलं, काय वजा करा? तो घराची किंमत ठरवणारा माणूस होता, व्हॅल्यूअर, आणि त्याच्या जातीची माणसं सभ्य असतात. रोज कुणाच्या ना कुणाच्या झोपायच्या खोलीत शिरायचं म्हणजे सभ्य राहावंच लागत असेल. रिकामं घर आणि राहतं घर यांच्या किमतीत फरक पडतो, त्याने सांगितलं. जिला उठवता येत नाही अशी व्यक्ती आत असली की गिऱ्हाईक मागे सरतं. मी विचारलं, किती फरक? तिसरा हिस्सा. या खोलीचा? "नाही, अख्ख्या घराचा," तो म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून पुढे म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. जिन्याला वाळवी असती तरी वजाच केलं असतं."

तो गेला. तापात डोकं चालत नाही म्हणतात, ते खोटं आहे. माझं फार चांगलं चाललं होतं. या घरात येऊन मला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. लग्न मोडलं तेव्हा काही महिन्यांसाठी आले होते, तशी राहिले. आईने मागची खोली उघडून दिली, खिडकीत अडकलेलं शिवणयंत्र बाजूला ओढलं आणि म्हणाली, "इथं राहा." बाबा दारात उभे होते. ते राहा म्हणाले नाहीत आणि जाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "त्या खिडकीची कडी लागत नाही." एवढं बोलून ते गेले. पुढे आईचं आजारपण मी काढलं, मग आई गेली, मग बाबांचं जेवण, औषधं, बिलं, नळवाले, दुरुस्तीवाले सगळं माझ्या अंगावर आलं, आणि तरी त्यांच्या लेखी मी खिडकीच्या त्या कडीच्या पुढे कधी सरकले नाही. लहानपणी ते मला गोगलगाय म्हणायचे. गोगलगाय नि पोटात पाय. पाहुण्यांसमोर म्हणायचे, पाहुणे हसायचे, दादा सगळ्यात मोठ्याने हसायचा. मी गप्प बसायची, म्हणजे पोटात काहीतरी असणारच असं ठरायचं. तेव्हा नव्हतं. आता आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. ते भिंग घेऊन वर्तमानपत्रातले भाव बघत होते. बाबांचा पत्रे कापायचा कारखाना होता. आयुष्यभर त्या किंचाळणाऱ्या यंत्रांशेजारी उभे राहिले आणि कानाच्या वरच्या पट्ट्या घालवून बसले. मला हे नेमकं ठाऊक आहे, कारण कान तपासणं हाच माझा धंदा आहे. अशा माणसाला जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. पुरुष कळतो, बाई कळत नाही. दादाचं कुजबुजणं त्यांच्यापर्यंत पोचतं आणि माझं ओरडणं गळून जातं. यात कुणाचा दोष नाही, कानाच्या आतले, आवाज पकडणारे बारीक केस जळलेले असतात. रोज अशी माणसं येतात, त्यांच्या बायका शेजारी बसून म्हणतात, मुद्दाम करतात हो, आणि मी त्यांना चित्र काढून समजावते की मुद्दाम नाही. समजावता समजावता मला दर वेळी वाटतं, थोडं मुद्दामही असतं. मी आवाज खाली आणला, शब्द सुटे केले, दुकानात अनोळखी माणसाशी बोलावं तशी बोलले. "बाबा. घर ट्रस्टमधून बाहेर काढताय?"

"माझं घर आहे," ते म्हणाले.

ते त्यांचं नव्हतं, हीच तर आईची करामत होती. नवरा कसा आहे हे तिला पक्कं माहीत होतं. त्याच्या हयातीतच घर ट्रस्टमध्ये घालायला लावलं तिने. दादा आणि मी दोघंही लाभार्थी, आणि तिच्या मागे विश्वस्तही आम्ही दोघंच, म्हणजे कशालाही दोन सह्या हव्यात. बाबांनी कबूल केलं, पण एक खुंटी मारून ठेवली: ट्रस्टमधली कुठलीही वस्तू त्यांना हवी तेव्हा परत घेता येईल, फक्त बदल्यात तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवायचं; म्हणूनच तो किंमत ठरवणारा आला होता. आईला ते चाललं. बरोबरीचं ठेवणार असेल तर नेईना का, असं तिला वाटलं असणार. बरोबरी कोण ठरवणार हे तिने विचारलं नाही. मरणाऱ्या माणसाने सगळंच विचारावं अशी अपेक्षा करणं चूक आहे, पण मला आईचाही राग आला त्या सकाळी. मी म्हटलं, बदल्यात काय ठेवताय? "रोखे. सरकारी. निम्मे तुझे. फुकट काढत नाही मी काही." आणि मग माझं काय? मी कुठे? त्यांनी भिंग पुन्हा भावांवर ठेवलं. "दादाशी बोल," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

दादा फोनवर लोण्यासारखा बोलतो. बाबांना एवढं मोठं घर झेपत नाही, ते त्याच्याकडे राहायला जाणार, घराला गिऱ्हाईक आहे, चांगलं गिऱ्हाईक आहे, फक्त त्याला रिकामं हवंय. मी म्हटलं, म्हणजे ट्रस्टकडून घेताना मी आत, विकताना मी बाहेर? मधला तिसरा हिस्सा? "तू फार ताणतेस," तो म्हणाला. "बाबांचं आहे ते शेवटी बाबांचंच. तुला रोखे मिळतायत. स्वतःची जागा घे छानपैकी, किती दिवस मागच्या खोलीत राहशील?" खरं म्हणजे हा प्रश्न मीच मला अनेकदा विचारला होता. त्याच्या तोंडून आला आणि मला ती खोली अशी घट्ट हवीशी झाली की दात दुखले. आपलेच दात आपलेच ओठ, असं आई म्हणायची. माझे ओठ नुसतेच फाटत आलेत, दात सगळे त्यांच्याकडे आहेत. मी ठरवलं की सही करायची नाही. बसू देत बोंबलत.

करसल्लागाराच्या कचेरीत आम्ही तिघं एका बाजूला बसलो, मी टोकाला, मधे दादा, पलीकडे बाबा, जणू मी दादाची कुणी आहे आणि बाबांशी माझी ओळख दादामार्फत झाली आहे. खोली छोटी होती. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावरून खाली जाणारा पाण्याचा पाइप, टेबलावर काचेचा वजनदार गोळा आणि खोकल्याच्या गोळ्यांची डबी. करसल्लागाराला पडसं झालं होतं. एरवीही त्याचा आवाज जाड असावा, पडशाने तो आणखी खाली बसला होता, आणि मी तो ऐकल्या ऐकल्या सवयीने मनात नोंदवलं: हा बाबांना ऐकू येणार. पूर्ण.

"अदलाबदल समान असली की काही प्रश्न नाही," तो म्हणाला. "घर बाहेर आलं, रोखे आत गेले, कर शून्य. पण दोन्ही बाजू समान नसल्या तर मधला फरक ही भेट. वडिलांनी जास्त ठेवलं तर त्यांनी तुम्हाला दिलेली भेट. कमी ठेवलं तर तुम्ही त्यांना दिलेली. आणि भेटीवरचा कर देणाऱ्याने भरायचा."

"पण मी कशी देईन?" मी म्हटलं. "मी तर काहीच करत नाहीये."

"करताय ना. विश्वस्त म्हणून सही करताय. किंमत कमी लावलीय हे ठाऊक असून सही केलीत, तर तो फरक तुम्ही सोडलात. सोडला म्हणजे दिला. कायदा मनात शिरत नाही, काय हातातून सुटलं तेवढं बघतो." त्याने गोळी गालात फिरवली. "म्हणून आधीच विचारतो. ही वजावट काय आहे? राहत्या माणसाची?"

मला हसू आलं, आवरता आवरेना असं. म्हणजे ही माणसं मला घरातून काढणार, मी घरात आहे म्हणून घर स्वस्तात उचलणार, आणि ती सगळी माझी त्यांना प्रेमाची भेट समजून वर कर मीच भरायचा. या घराला मी काय काय दिलं याची कुणी कधी दखल घेतली नव्हती. आईचे पाय चेपले, तिला कुशीवर वळवलं, बाबांच्या शर्टांची तुटलेली बटणं, त्यांच्या रागाच्या खाली गप्प बसलेल्या कितीतरी संध्याकाळी. ते सगळं वाऱ्यावर गेलं. आणि जे मी दिलं नव्हतं, जे माझ्या बोटांतून ओढून घेत होते, ते मात्र भेट. दादाने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?" म्हणाला. काही नाही म्हटलं.

"प्रश्न साधा आहे," करसल्लागार म्हणाला आणि त्याने खुर्ची बाबांकडे वळवली. "तुमच्या मुलीला त्या खोलीत राहण्याचा हक्क आहे का? आहे, तर वजावट बरोबर, रोखे पुरेसे, कर नाही. पण मग तिला उठवता येणार नाही. नाही, तर वजावट चुकीची. मग तिसरा हिस्सा आणखी आत ठेवावा लागेल. दोन्हीपैकी एक काहीतरी तुम्हाला म्हणावं लागेल. दोन्ही नाही म्हणता येत." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाबा खिडकीबाहेरच्या पाइपकडे बघत होते. त्यांनी कानामागे हात नेला, मान तिरकी केली, आणि काय म्हणाले तुम्ही, असा चेहरा केला.

तो चेहरा मी ओळखते. एकदा, आई असताना, तिच्या आग्रहाने मी त्यांना आमच्या तपासणीच्या खोलीत बसवलं होतं. काचेपलीकडे ते, कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. ते दाबत सुटले. मी काहीच वाजवत नव्हते तेव्हाही दाबत होते. माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, आता वाजलं असेल असा अंदाज बांधायचे आणि दाबायचे. पोरीसमोर नापास व्हायचं नव्हतं त्यांना. आईला मी काही सांगितलं नाही. म्हटलं, वयाच्या मानाने ठीक आहे. त्या दिवशी त्यांचा तो अंगठा, कापलेल्या पत्र्यांच्या जुन्या वणांनी भरलेला, रिकाम्या शांततेत पुन्हा पुन्हा बटण दाबताना पाहून मला रडू आलं होतं. मी ते मान्य करते, कारण आता येत नव्हतं. आता आवाज होता, स्वच्छ, जाड, त्यांच्या पट्टीतला, आणि अंगठा हलत नव्हता.

"त्यांना ऐकू आलंय," मी म्हटलं.

"तू गप्प," दादा म्हणाला. मग बाबांच्या कानाशी वाकला. "बाबा, आहे म्हणा. नुसतं म्हणायचंय. पुढचं पुढे बघू, ती काय परकी आहे? समजावू तिला."

"हे मी ऐकलं नाही," करसल्लागार म्हणाला. "माझ्याही कानाला दडे बसलेत. पण नंतर मला तुरुंगात भेटायला तुमच्यापैकी कुणी यायचं नाही, तेव्हा जरा सांभाळून." मग त्याने नाक पुसलं आणि बाबांशी धंद्यातल्या माणसासारखं बोलू लागला. खरं तर स्वस्तातला मार्ग आहे, तो म्हणाला. हक्क आहे असं मान्य करा. मग तो हक्क सोडण्याबद्दल मुलीला काही रक्कम द्या. जी ठरवाल ती. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा पुष्कळ कमी पडेल. घर रिकामं, गिऱ्हाईक खूश.

दादाचे डोळे चमकले. माझ्या आत काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी भांडायला आले होते. सही न करण्यासाठी आले होते. पण 'मान्य करा' हा शब्द त्या खोलीत पडला आणि मी अशी वाकले, कुणी पाठीत हात घालून वाकवावं तशी. मला एकदम कळलं की मला खोली नको होती. तिला ओल येते, कडी अजून लागत नाही, आणि पहाटे पाइपातून सगळ्या घराचं पाणी डोक्यावरून जातं. मला रोखेही नको होते. मला हवं होतं ते फक्त बाबांच्या तोंडातून निघू शकत होतं आणि ते एक वाक्य होतं.

"मी फुकट सोडते," मी म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. बाबांनीसुद्धा.

"रक्कम नको. हक्क होता एवढं म्हणा, मी आत्ता सोडते. आज खोली रिकामी करते."

करसल्लागाराने डबीचं झाकण लावलं. तो बरा माणूस असावा, त्याला माझी दया आली आणि ती मला आवडली नाही. "बाई, मग ती तुमच्याकडून वडिलांना भेट होईल. कर तुम्हाला लागेल."

"भरते."

"अगं वेडी आहेस का?" दादा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बाबा, ऐकलंत? फुकट म्हणते. हो म्हणा! एक पैसा जात नाही आपला!"

मी खुर्ची पुढे सरकवली, दादाच्या पुढून वाकले आणि बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. आवाज जितका खाली जातो तितका नेला. बाईच्या आवाजाला तळ असतो, तिथे घसा खरवडतो, पण तिथून बोललं की या माणसांपर्यंत पोचतं. मी हे रोज शिकवते. "बाबा. मी त्या घरात राहत होते. आईच्या आजारात, नंतर तुमच्यासाठी. माझा हक्क होता की नाही? एवढंच. होता म्हणा आणि मी जाते."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या पापण्यांच्या कडा लाल होत्या, हनुवटीवर दाढीचे दोन पांढरे केस राहून गेले होते. क्षणभर मला वाटलं, म्हणतील. मला खरंच वाटलं.

"नव्हता," ते म्हणाले. "कसला हक्क? मी ठेवली म्हणून होती."

"बाबा!" दादा ओरडला.

"भरतो मी. तिसरा हिस्सा ना? भरतो. कारखान्याचे उरलेत त्यातून घाला." ते करसल्लागाराकडे वळले होते, आणि त्यांना आता सगळं ऐकू येत होतं. "उद्या पोरं म्हणतील आमचा हक्क, परवा आणखी कुणी म्हणेल. माझ्या घरात माझ्याशिवाय कुणाचा हक्क नव्हता. लिहा तसं."

दादाने डोकं धरलं. त्याच्या वाटणीचं भविष्य त्याच्या डोळ्यांदेखत निम्मं माझ्या बाजूला सांडत होतं, आणि एरवी हे बघून मला किती बरं वाटलं असतं! मी जिंकले होते. जी लबाडी उघडी पाडायला आले होते ती उघडी पडली होती, पैसे वाढले होते, कर कुणालाच नव्हता. मी तिथे बसून एवढंच मोजत होते की बाबांना एक शब्द फुकट पडत होता आणि तो न बोलण्यासाठी त्यांनी घराचा तिसरा हिस्सा मोजला. माझ्यावर कुणी कधी एवढा खर्च केला नव्हता. मला त्यांचा तिरस्कार वाटला, आणि तो तिरस्कार स्वच्छ होता, त्यात आईही नव्हती, लहानपणही नव्हतं, वणांनी भरलेला तो अंगठाही नव्हता. असा मोकळा राग मला त्यापूर्वी कधी आला नव्हता. उलट बरंच वाटलं.

नवीन मजकूर छापून यायला वेळ लागला. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला, बाबांनी काचेचा गोळा उचलून पाहिला आणि ठेवला. करसल्लागाराने कागद माझ्यापुढे ठेवले आणि नियम म्हणून शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला: दोन्ही बाजूंची किंमत समान आहे, आणि या व्यवहारात वडिलांनी मुलांना किंवा मुलांनी वडिलांना काहीही दिलेलं नाही. "बरोबर?" त्याने विचारलं. बरोबर, दादा तुटक म्हणाला. बरोबर, बाबा म्हणाले. मीही म्हटलं. आमच्या घरात तिघांचं एकमत झालेलं मला दुसरं आठवत नाही. मी सही केली, पहिल्यांदाच इतकी सरळ आली.

"खोली सावकाश कर रिकामी," दादा म्हणाला. "महिनाभर तरी चालेल."

"उद्या," मी म्हणाले. माझ्या नेहमीच्या आवाजात, वरच्या पट्टीत, मुद्दाम खाली न आणता.

बाबांनी दादाची बाही ओढली. "काय म्हणतेय?"

"उद्या जाते म्हणते."

बाबा माझ्याकडे न बघता, टेबलाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाले, "एवढी घाई कसली? जेवणखाण, औषधं... दोन दिवस थांबायचं."

करसल्लागार माझ्याकडे बघत होता. दादाही. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, तयार होतं, वर्षानुवर्षं असंच तयार असायचं: बरं, थांबते. मी पर्स उचलली, खुर्ची जागेवर सरकवली आणि दाराकडे निघाले. मी त्यांना आता काही फुकट देणार नव्हते.